उसनी कूस

८ जानेवारी २००१ रोजी अमेरिकेतल्या आयोवा राज्यात बेसी नावाची एक गाय व्याली. तिच्या पोटी गवा जन्मला. काही वर्षांपूर्वी मेलेल्या एका गव्याच्या कातडीच्या पेशी गोठवून ठेवल्या होत्या. त्यांतल्या एका पेशीपासून प्रयोगशाळेत भ्रूण तयार करून तो बेसीच्या गर्भाशयात सोडला होता. जन्माआधीच वासराचं नाव ठरलं होतं, नोआ. अस्तित्व धोक्यात आलेल्या प्रजातीचा जन्माला आलेला तो पहिला क्लोन. दोन दिवसांत तो हगवणीने मेला.

नोआची बातमी जगभर छापून आली. त्या प्रयोगाचे आकडेही जाहीर झाले होते. ६९२ अंडी वापरली गेली, ३२ गाईंमध्ये भ्रूण सोडले गेले, त्यांतल्या ८ गाभण राहिल्या आणि जिवंत वासरू हाती आलं ते एक. बेसीचं निदान नाव तरी लोकांना कळलं. बाकीच्या ३१ गाईंच्या वाट्याला काय आलं, याची विचारपूस फारशी कुणी केली नाही.

क्लोनिंगचा विषय निघाला की आपल्याकडेही बोलणं ठरावीक वाटेने जातं. हुबेहूब दुसरा माणूस बनवला तर? हुकूमशहाच पुन्हा जन्माला घातला तर? निसर्गाच्या कामात किती ढवळाढवळ करायची? डॉली या क्लोन मेंढीचा जन्म जाहीर झाला त्या १९९७ सालापासून हेच प्रश्न फिरून फिरून येतात. त्यांत तथ्य नाही असं नाही. पण त्यांच्या गलबल्यात रोजचा, आज घडत असलेला प्रश्न बाजूला पडतो. प्रत्येक क्लोन कुणाच्या तरी अंड्यातून तयार होतो आणि कुणाच्या तरी कुशीत वाढतो. ती अंडी कुणाची, ती कूस कुणाची, तिला विचारलं होतं का, तिला काय सोसावं लागलं आणि फायदा कुणाच्या पदरात पडला? क्लोनिंगच्या नीतीचा विचार इथून सुरू व्हायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

एका जिवामागे किती

डॉली ही मेंढी ५ जुलै १९९६ रोजी स्कॉटलंडमध्ये, एडिंबराजवळच्या रॉस्लिन संस्थेत जन्मली. इयन विल्मट, कीथ कॅम्पबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा वर्षांच्या एका मेंढीच्या कासेतली पेशी घेतली, दुसऱ्या मेंढीच्या अंड्यातलं केंद्रक काढून टाकलं आणि विजेच्या झटक्याने दोन्ही एकजीव केलं. अशी २७७ अंडी तयार केली. त्यांतून २९ भ्रूण हाती लागले, ते १३ मेंढ्यांमध्ये सोडले आणि एक कोकरू जन्मलं. पेशी एकीची, अंडं दुसरीचं, पोट तिसरीचं. फुप्फुसाच्या आजाराने त्रस्त झालेल्या डॉलीला १४ फेब्रुवारी २००३ रोजी वेदनामुक्त मरण देण्यात आलं.

भारतात हे काम सर्वाधिक झालं ते हरियाणातल्या करनालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत. तिथल्या शास्त्रज्ञांनी महागड्या यंत्रांवर विसंबून न राहता हाताने करता येईल अशी पद्धत बसवली. ती जवळून पाहिली तर या तंत्राचं खरं रूप कळतं. कत्तलखान्यात कापलेल्या म्हशींची अंडाशयं कोमट मिठाच्या पाण्यात ठेवून प्रयोगशाळेत आणतात. त्यांच्या पृष्ठभागावरचे फुगीर फोड सुईने टोचून आतला द्राव ओढून घेतात. त्या द्रावात अंडी असतात, नुसत्या डोळ्याला जेमतेम दिसतील एवढी. दिवसभर ती उबेत ठेवून पक्व करतात. मग विकराच्या द्रावणात अंड्याभोवतीचं पारदर्शक आवरण विरघळवतात. सूक्ष्मदर्शकाखाली डोळा लावून, हातातल्या बारीक पात्याने, केंद्रक ज्या बाजूला आहे तेवढा अंड्याचा तुकडा छाटून टाकतात. हात जरा हलला की अंडं वाया जातं. उरलेल्या भागाला निवडक जनावराच्या कानाच्या कातडीतून वाढवलेली एक पेशी चिकटवतात, विजेचा झटका देतात, आणि सात-आठ दिवसांनी तयार झालेला भ्रूण माजाचं चक्र जुळवून आणलेल्या म्हशीत सोडतात.

पुढे जे बिघडतं ते बहुतेक तिच्या पोटात बिघडतं. कातडीच्या पेशीला आपण कातडी आहोत याची खूण पडलेली असते. ती खूण पुसून तिने पुन्हा पहिल्या दिवसाच्या भ्रूणासारखं वागायला हवं. हे पुसणं अर्धवट राहिलं की नको ती जनुकं चालू राहतात आणि हवी ती बंद. वार नीट धरत नाही. गर्भाभोवती बेसुमार पाणी साठतं. वासरू प्रमाणाबाहेर मोठं होतं, अडतं, आणि पोट फाडून काढावं लागतं. गोठा सांभाळणाऱ्याला म्हैस उलटली किंवा गाभडली म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. ती चारा सोडते, वार अडकते, ताप चढतो, वेत वाया जातं. क्लोनिंगमध्ये हाच प्रकार पुन्हा पुन्हा होणार, हे आधीपासून माहीत असतं. न्यूझीलंडच्या ॲगरिसर्च या सरकारी संस्थेने अनेक वर्षांच्या कामानंतर २०११ मध्ये जनावरांच्या क्लोनिंगचे प्रयोग थांबवले, त्यामागेही गर्भपात आणि वासरांचे मृत्यू हेच कारण होतं.

करनालच्या पारड्या

करनालमध्ये ६ फेब्रुवारी २००९ रोजी समरूपा ही पारडी जन्मली आणि पाच दिवसांत गेली. त्याच वर्षी ६ जूनला गरिमा जन्मली. ती दोन वर्षांहून थोडं अधिक जगली. ऑगस्ट २०१० मध्ये जन्मलेली दुसरी गरिमा मात्र चांगली वाढली आणि २५ जानेवारी २०१३ रोजी नैसर्गिकरीत्या व्याली. तिच्या पारडीचं नाव महिमा. क्लोन केलेल्या म्हशीला सुदृढ संतती होऊ शकते, हे त्यातून सिद्ध झालं. हिसारच्या केंद्रीय म्हैस संशोधन संस्थेने डिसेंबर २०१५ मध्ये मुऱ्हा जातीच्या उत्तम रेड्याचा क्लोन जन्माला घातला, हिसार गौरव. १६ मार्च २०२३ रोजी करनालमध्ये गंगा ही गीर कालवड जन्मली, तिचं जन्मवजन ३२ किलो होतं. तिच्यासाठीची अंडी कत्तलखान्यातून आणली नव्हती. जिवंत गाईंच्या अंडाशयात सोनोग्राफीच्या आधाराने सुई घालून काढली होती.

या शास्त्रज्ञांचं कसब मोठं आहे आणि हेतू स्वच्छ आहे. भरपूर दूध देणाऱ्या वंशाचा सिद्ध रेडा म्हातारा होऊन मेला तर त्याचं रेत संपतं. त्याचा क्लोन असेल तर ते रेत आणखी कित्येक वर्षं गावोगावी पोचू शकतं. अल्पभूधारक शेतकऱ्याच्या दारातल्या म्हशीचं दूध दोन-तीन लिटरनी वाढणं ही क्षुल्लक गोष्ट नाही.

तरीही दोन गोष्टी तपासायला हव्यात. पहिली पर्यायांची. मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळी कांचनला बाएफ या संस्थेची स्थापना केली. चांगल्या वळूचा वंश गोठवलेल्या रेताच्या कांड्यांतून खेडोपाडी पोचवता येतो, हे त्या संस्थेने महाराष्ट्राला आणि देशाला दाखवून दिलं. शेतकऱ्याच्या गाईला त्यासाठी वारंवार गाभडावं लागलं नाही. म्हणजे क्लोनिंगचा दावा तपासताना त्याची तुलना काहीच न करण्याशी करू नये. कृत्रिम रेतन, भ्रूणरोपण आणि काटेकोर नोंदी यांच्याशी करावी. दुसरी गोष्ट वैविध्याची. क्लोन म्हणजे आहे तोच गुणसंच पुन्हा; त्यात पिढीगणिक सुधारणा होत नाही. एकाच रेड्याचा वंश सगळीकडे पसरला आणि त्याला न पेलणारा एखादा रोग आला तर सगळे कळप एकदम उघडे पडतात. कमी चाऱ्यावर, कोरड्या हवेत टिकाव धरणारी पंढरपुरी म्हैस सोलापूर-कोल्हापूरच्या गोठ्यात आहे ती शेकडो पशुपालकांनी आपापल्या गरजेने वेगवेगळी जनावरं निवडली म्हणून. ती संपत्ती एका रेड्याच्या मागे लागून गमावू नये.

विरहाचा बाजार

पाळीव प्राण्यांचं क्लोनिंग मात्र मला कोणत्याही बाजूने पटत नाही. २००५ साली दक्षिण कोरियात स्नपी हा जगातला पहिला क्लोन केलेला कुत्रा जन्मला. त्यासाठी १,०९५ भ्रूण १२३ कुत्र्यांच्या माद्यांमध्ये सोडले होते. आज अमेरिकेत सुमारे ५० हजार डॉलर मोजले की लाडक्या कुत्र्याचा क्लोन करून मिळतो. गायिका-अभिनेत्री बार्ब्रा स्ट्रायसँड यांनी २०१८ मध्ये आपल्या मृत कुत्रीचे क्लोन करून घेतल्याचं सांगितलं, तेव्हा हा व्यवसाय चर्चेत आला.

मेलेला प्राणी यातून परत येत नाही. २००१ मध्ये टेक्सासमध्ये सीसी नावाच्या मांजरीचा जन्म झाला. ती जिचा क्लोन होती ती मांजर तिरंगी होती. सीसीच्या अंगावर केशरी रंगाचा ठिपकाही नव्हता. मांजरीच्या प्रत्येक पेशीत दोनांपैकी एक एक्स गुणसूत्र बंद होतं आणि रंग त्यावर ठरतो. जनुकं तीच असूनही कातडीसुद्धा सारखी आली नाही, मग स्वभाव, सवयी आणि मालकाच्या पायाशी घुटमळण्यातली माया कुठून येणार? दुःख खरं असतं, पण त्या दुःखाच्या नावावर ज्यांचं कुणीच नाही अशा कुत्र्यांवर शस्त्रक्रिया आणि गर्भारपणं लादली जातात. हा व्यवहार बंद करण्यासाठी आणखी कोणतं कारण हवं?

दीपाशा आणि कोथरूडचा गवा

जंगलाच्या बाबतीत उत्तर इतकं सोपं नाही. पिरेनीज पर्वतातल्या बुकार्डो या रानशेळीची शेवटची मादी २०००मध्ये मेली. २००३ मध्ये तिचा क्लोन जन्मला आणि फुप्फुसातल्या दोषामुळे काही मिनिटांतच गेला. नामशेष झालेली उपप्रजाती परत आली आणि पुन्हा नामशेष झाली. उलट अमेरिकेत काळ्या पायांच्या फेरेट या छोट्या मांसाहारी प्राण्याची गोष्ट आशादायक आहे. आज जिवंत असलेले सगळे फेरेट मोजक्याच पूर्वजांचे वंशज. १९८८ मध्ये मेलेल्या एका मादीच्या गोठवलेल्या पेशींपासून डिसेंबर २०२० मध्ये एलिझाबेथ ॲन जन्मली. पुढे त्याच मादीच्या दुसऱ्या क्लोनला २०२४ मध्ये पिल्लं झाली. हरवलेलं वैविध्य वंशात परत आलं. वैविध्य वाढवण्यासाठी क्लोनिंग करायचं असेल, तर त्याला माझा पाठिंबा आहे.

आपल्याकडचा अनुभव मात्र सावध करणारा आहे. छत्तीसगडच्या उदंती अभयारण्यातल्या आशा या रानम्हशीच्या पेशींपासून डिसेंबर २०१४ मध्ये करनालला दीपाशा जन्मली. अंडं आणि कूस पाळीव म्हशींची. पुढे तिला रायपूरच्या ‘जंगल सफारी’ या प्राणिउद्यानात नेलं. ती रानम्हशीसारखी न दिसता मुऱ्हासारखी दिसते, असा आक्षेप वन्यजीवप्रेमींनी घेतला आणि तिच्या डीएनए चाचणीची मागणी झाली. ती रानम्हैसच आहे असं गृहीत धरलं, तरी प्रश्न उरतोच. जंगलात वाट कशी काढायची, वाघाचा वास कसा ओळखायचा, पाणवठ्यावर कळपाने कसं उतरायचं, हे तिला कोण शिकवणार? हे शिक्षण केंद्रकातून येत नाही, कळपातून येतं. आपल्या गडचिरोलीत कोलामार्काच्या जंगलात रानम्हशींचे अगदी थोडे कळप शिल्लक आहेत. तिथलं गवत, पाणी आणि गावच्या गुरांकडून येणाऱ्या रोगांपासूनचं संरक्षण यांवर खर्च केलेला रुपया प्रयोगशाळेतल्या रुपयापेक्षा अधिक जीव वाचवील.

९ डिसेंबर २०२० हा दिवस पुणेकरांना आठवत असेल. कोथरूडच्या महात्मा सोसायटीच्या परिसरात गवा शिरला. लोक मोबाइल घेऊन त्याच्यामागे धावले. भेदरलेला, भिंतींना धडका देऊन रक्तबंबाळ झालेला तो प्राणी पकडल्यानंतर काही वेळातच मेला. आयोवात एक गवा जन्माला घालण्यासाठी ३२ गाई राबवल्या होत्या. सह्याद्रीतला जिताजागता गवा आपल्याला एक सकाळभर सांभाळता आला नाही. संवर्धनाच्या नावाने क्लोनिंगची भाषा करणाऱ्याने आधी या गव्याला उत्तर द्यावं.

माणसाच्या उंबरठ्यावर

शांघायमध्ये २०१७च्या अखेरीस झोंग झोंग आणि हुआ हुआ या दोन माकडिणी क्लोनिंगने जन्मल्या. त्यासाठी ७९ भ्रूण २१ माद्यांमध्ये सोडले होते. त्यानंतर २०१९ मध्ये तिथल्याच शास्त्रज्ञांनी जनुकबदलाने मुद्दाम आजारी केलेल्या एका माकडाचे पाच क्लोन जन्माला घातल्याचं जाहीर केलं. त्यांच्या शरीराचं रात्र-दिवसाचं घड्याळ बिघडवलेलं होतं, झोप उडालेली होती, वागण्यात भय होतं. सारखे आजारी जीव मिळाले तर औषधांची चाचणी कमी प्राण्यांवर भागते, असा त्यामागचा युक्तिवाद. तो फेटाळून लावता येत नाही. पण आपल्या इतक्या जवळच्या जिवाला जन्मापासून भीती देऊन मिळवलेल्या ज्ञानाला काही मर्यादा असावी, असं मला वाटतं.

माणसाचा क्लोन जन्माला घालण्याला जवळपास सगळं जग नाही म्हणतं. सारखेपणा ही त्याची मुख्य अडचण नाही. जुळी भावंडं सारख्याच जनुकांची असतात आणि दोघं आपापलं आयुष्य जगतात. खरी कारणं दोन. पहिला मानवी क्लोन सुखरूप जन्मण्याआधी किती स्त्रियांचे गर्भ पडतील, किती बाळं आठवड्याभरात जातील, याचा अंदाज मेंढ्या-म्हशींनी देऊन ठेवलाय. त्या वाटेने जायला संमती देण्याचा अधिकार जन्माला न आलेल्या बाळाच्या वतीने कुणालाच नाही. आणि जे बाळ जगेल त्याला कुणाच्या तरी जागेवर जगावं लागेल: गेलेल्या मुलाच्या, कर्तबगार बापाच्या. आपल्या घरांत आजोबांचं नाव नातवाला ठेवतात, पण नातवाने आजोबाच व्हावं अशी अट नसते.

उपचारांसाठी मानवी भ्रूण क्लोन करण्याचा प्रश्न वेगळा, आणि त्याची किंमत स्त्रियांनी दिली. दक्षिण कोरियाच्या ह्वांग वू-सुक यांनी २००४ आणि २००५ मध्ये क्लोन केलेल्या मानवी भ्रूणांतून मूलपेशी मिळवल्याचा दावा केला. तो खोटा निघाला. चौकशीत दुसरी गोष्टही बाहेर आली. शंभरावर स्त्रियांकडून दोन हजारांहून अधिक अंडी घेतली गेली होती. त्यांतल्या काहींना पैसे दिले होते आणि दोघी त्यांच्याच प्रयोगशाळेतल्या कनिष्ठ संशोधक होत्या. अंडी काढायची म्हणजे रोज संप्रेरकांची इंजेक्शनं, फुगलेली अंडाशयं आणि शेवटी भूल देऊन घातलेली सुई. भारताच्या २०२१च्या सहायक प्रजनन कायद्यानुसार स्त्रीला आयुष्यात एकदाच अंडी दान करता येतात आणि सातपेक्षा जास्त काढता येत नाहीत. या मापाने ह्वांग यांच्या प्रयोगाला सुमारे तीनशे स्त्रिया लागल्या असत्या. वरिष्ठाच्या प्रयोगासाठी हाताखालच्या मुलीने दिलेल्या होकाराला संमती म्हणायचं का? ज्या समाजात पैशांसाठी गर्भाशय भाड्याने देण्याची वेळ स्त्रियांवर आली आणि अखेर कायद्याने ते थांबवावं लागलं, त्या समाजाने हा प्रश्न दुसऱ्यांचा मानू नये.

इथे विज्ञानानेच एक सुटका केली. जपानच्या शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या साध्या पेशींना चार जनुकांच्या साहाय्याने मूलपेशींच्या अवस्थेत नेलं. अंडं नको, भ्रूण नको. २०१२ मध्ये त्यांना जॉन गर्डन यांच्यासह नोबेल मिळालं. नैतिक अडचण दाखवणारे लोक विज्ञान अडवतात अशी तक्रार नेहमी होते. या बाबतीत अडचण ओळखल्याने विज्ञानाला अधिक चांगली वाट मिळाली.

डुकराचं हृदय, बाईचं मूत्रपिंड

अवयवांचं क्लोनिंग म्हणून जे आज प्रत्यक्षात आलंय त्यात डुक्कर आहे. ७ जानेवारी २०२२ रोजी अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठात ५७ वर्षांच्या रुग्णाला डुकराचं हृदय बसवलं. त्या डुकरात दहा जनुकीय बदल होते: चार जनुकं बंद केलेली, सहा माणसाची घातलेली. असं डुक्कर मिळवायला आधी पेशीत बदल करतात आणि मग त्या पेशीचा क्लोन करतात. रुग्ण दोन महिने जगला. डुकरातला एक विषाणू हृदयासोबत त्याच्या शरीरात गेल्याचं नंतर आढळलं. मार्च २०२४ पासून जिवंत रुग्णांना डुकराची मूत्रपिंडंही बसवली जाऊ लागली आहेत. आपल्याकडे १९९७ मध्येच आसामातल्या सोनापूरला डॉ. धनीराम बरुआ यांनी डुकराचं हृदय माणसाला बसवलं होतं. रुग्ण सात दिवस जगला आणि डॉक्टरांना अवयव प्रत्यारोपण कायद्याखाली अटक झाली.

तो कायदा १९९४चा. मूत्रपिंडांची खरेदी-विक्री रोखण्यासाठी केलेला हा कायदा सुरुवातीला ज्या राज्यांत लागू झाला त्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते. विक्री बेकायदा ठरली, पण घरातली वाटणी तशीच राहिली. देशात अवयव मिळणाऱ्यांत पुरुष बरेच जास्त असतात आणि जिवंतपणी देणाऱ्यांत बायका जास्त. आई देते, बायको देते, बहीण देते. कमावत्याला जपायचं, असं घर ठरवतं आणि डॉक्टरांसमोर ती "मी राजीखुशीने देते" म्हणते.

म्हणून डुकराच्या अवयवाकडे मी तुच्छतेने पाहू शकत नाही. आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसच्या खुर्चीत बसणाऱ्याला ती आशा आहे, आणि ज्या बाईला नकार देण्याची सोयच नाही तिची त्यातून सुटका आहे. पण ज्या डुकरिणीचं पोट फाडून निर्जंतुक वातावरणात पिल्लू काढतात, जे पिल्लू मातीला न शिवता वाढवतात, त्यांचाही जीव जातो. रुग्णाला जन्मभर तपासण्यांना बांधील राहावं लागतं, कारण त्याच्या शरीरात शिरलेला विषाणू घरच्यांपर्यंत पोचू शकतो. प्राण्याला कमीत कमी त्रास, रुग्णाला संपूर्ण माहिती आणि गरिबांवर आधी प्रयोग करून श्रीमंतांना नंतर विक्री नाही, या अटींवरच याला होकार देता येईल.

आता कायदा हवा

संयुक्त राष्ट्रांनी मार्च २००५ मध्ये मानवी क्लोनिंगविरोधी घोषणापत्र संमत केलं, तेव्हा भारताने विरोधात मत दिलं. उपचारांसाठीच्या संशोधनाची दारं त्याने बंद होतील, हे त्यामागचं कारण. ती भूमिका मला योग्य वाटते. पण पुढचं पाऊल आपण टाकलं नाही. मानवी क्लोन जन्माला घालण्यावर भारतात बंदी आहे ती २०१७च्या मूलपेशी संशोधनाच्या मार्गदर्शक तत्त्वांत. स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही.

त्या कायद्यात तीन गोष्टी असाव्यात. मानवी क्लोन जन्माला घालणं हा गुन्हा ठरवावा, शिक्षेसकट. संशोधनासाठी अंडी देणारी स्त्री त्या प्रयोगशाळेच्या पगारावर किंवा दबावाखाली नसावी, आणि तिला काही झालं तर उपचारांची जबाबदारी संस्थेची असावी. जनावरांच्या प्रत्येक क्लोनिंग प्रकल्पाने किती मादी जनावरं वापरली, किती गाभण राहिली, किती गाभडली, किती मेली, हे वर्षाच्या वर्षाला जाहीर करावं. सरकारी पैशांवर चालणाऱ्या संस्थांना तर हे आजही करता येईल, त्यासाठी संसदेची वाट पाहायला नको.

पशुवैद्यक, स्त्रीरोगतज्ज्ञ, रुग्णसंघटना आणि पशुपालक यांनी ही मागणी एकत्र लावून धरली पाहिजे. क्लोनिंगने मिळणारं दूध, औषध आणि अवयव आपल्याला हवे असतील, तर ते ज्यांच्या देहातून येतात त्यांच्या त्रासाची नोंद ठेवणं हे आपलं पहिलं कर्तव्य आहे. जो प्रकल्प ही नोंद उघड करायला तयार नसेल, त्याला पैसाही देऊ नये आणि परवानगीही.